तो मेल तुम्ही पाठवलेला नाही

तुमच्याच ई-मेल पत्त्यावरून तुम्हालाच एक मेल आला आहे. तुमचं अकाउंट हॅक केलंय, पुरावा हवा असेल तर बघा, हा मेल तुमच्याच अकाउंटवरून पाठवतोय, आणि ठरल्या वेळेत पैसे आले नाहीत तर तुमची अब्रू चव्हाट्यावर आणू, असं त्यात लिहिलं आहे. असा मेल समोर असेल तर आधी एवढं करा आणि बाकीचं मग वाचा. पैसे पाठवू नका. उत्तर देऊ नका. आणि घरातल्या कुणाला तरी तो मेल दाखवा.

काही जणांना धमकी येत नाही, पण मनस्ताप तेवढाच होतो. सकाळी इनबॉक्स उघडावा तर ‘मेलर-डीमन’ किंवा ‘मेल डिलिव्हरी सबसिस्टिम’ या नावाने पन्नास-शंभर मेल येऊन पडलेले असतात. तुम्ही पाठवलेला मेल पोचला नाही, असं प्रत्येकात लिहिलेलं असतं. तुम्ही तर त्या पत्त्यांची नावंही ऐकलेली नसतात. खाली मूळ मेल जोडलेला असतो: औषधांची जाहिरात, बनावट कर्ज, नाहीतर तोंडातून उच्चारू नये असं काही. वर पाठवणारा म्हणून नाव तुमचं! मग एखाद्या अनोळखी माणसाचं रागावलेलं उत्तर येतं, ‘लाज वाटत नाही का असले मेल पाठवायला?’ ज्या माणसाने आयुष्यभर कुणाचा शब्द खाली पडू दिला नाही, त्याला हे वाचून रात्री झोप लागत नाही, आणि त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

या दोन्ही प्रकारांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मेलवर पाठवणारा म्हणून जो पत्ता दिसतो, तो पुरावा नसतो. पोस्टाच्या पाकिटाच्या कोपऱ्यात प्रेषक म्हणून कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो, पोस्टमन ओळखपत्र मागत नाही, आणि पत्ता सापडला नाही तर पाकीट परत येतं ते त्या लिहिलेल्या नावाच्या घरी. तुमच्या इनबॉक्समध्ये येऊन पडलेले ते शंभर मेल म्हणजे अशी परत आलेली पाकिटं आहेत. तुमच्या घराचं कुलूप कुणी तोडलेलं नाही.

अशी सोय मुळात ठेवली कुणी, असं कुणालाही वाटेल. ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कसा जावा याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. एसएमटीपी म्हणतात ते हेच. तेव्हा त्या जाळ्यावर विद्यापीठं, प्रयोगशाळा, संशोधन करणारी माणसं होती. पाठवणारा खरा कोण हे तपासायची गरज त्यांना भासली नाही आणि नियमांत तशी तरतूद राहिली नाही. नको असलेली जाहिरात मात्र त्याच्याही आधी सुरू झाली होती. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारे चारशे लोकांना एकदम पाठवली. ती कंपनीच्या नावाने उघडपणे पाठवलेली होती, म्हणून बोलणीही ज्याची त्याला खावी लागली. पुढच्यांनी दुसऱ्याचं नाव पुढे करायला सुरुवात केली.

मेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता दोन ठिकाणी असतो. एक सर्व्हर आपसात बोलताना वापरतात, त्याला ‘रिटर्न पाथ’ म्हणतात. दुसरा असतो तुम्हाला पडद्यावर दिसणारा ‘फ्रॉम’. दोन्ही पाठवणाराच भरतो, आणि मूळ नियमांप्रमाणे दोन्हींत तो काहीही भरू शकतो. यासाठी तुमचा पासवर्ड लागत नाही. तुमचं अकाउंट उघडावं लागत नाही. तुमचा पत्ता माहीत असला की झालं.

मग माझाच पत्ता का? बहुतेक वेळा या प्रश्नाला फार मोठं उत्तर नसतं. लाखो पत्त्यांच्या याद्या विकल्या जातात. त्याच यादीतला एक पत्ता ‘फ्रॉम’मध्ये आणि दुसरा ‘टू’मध्ये टाकला जातो. खरा, चालू पत्ता घातला की काही सर्व्हरांच्या प्राथमिक चाळणीतून मेल पुढे सरकतो, एवढाच त्यांचा हेतू. २००२ मध्ये ‘क्लेझ’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. तो ज्या संगणकात शिरायचा, त्या संगणकात सापडलेल्या पत्त्यांतलाच एखादा पाठवणारा म्हणून लावायचा. म्हणजे संगणक बिघडलेला तिसऱ्याचाच, आणि शिव्या खाणारा चौथाच. तुमच्या बाबतीतही हे शक्य आहे. तुमचा पत्ता ज्याच्याकडे आहे अशा कुणाचं तरी अकाउंट किंवा संगणक फुटला, आणि तिथून तुमचा पत्ता बाहेर गेला. त्यात तुमचा दोष नाही आणि बऱ्याचदा त्या बिचाऱ्याचाही नाही.

मुद्दाम सूड उगवण्याचेही प्रकार झाले आहेत. १९९७ मध्ये अमेरिकेत जो डॉल नावाचे गृहस्थ जोज डॉट कॉम ही साइट चालवत, लोकांना मोफत वेबपान देत. स्पॅम करणाऱ्या एकाचं खातं त्यांनी बंद केलं. त्याने डॉल यांच्या नावाने ढिगाने स्पॅम पाठवला आणि चिडलेल्या लोकांनी डॉल यांच्या साइटवरच हल्ला चढवला. त्या लोकांनी ‘फ्रॉम’मधलं नाव हाच पुरावा मानला. आज आपल्याला कुणाच्या नावाने काही घाणेरडं आलं तर आपणही तेच करतो, म्हणून ही गोष्ट सांगितली.

आता धमकीच्या मेलकडे वळतो, कारण खरं नुकसान तिथे होतं.

हा प्रकार २०१८ च्या उत्तरार्धात जगभर फोफावला. मजकूर थोड्याफार फरकाने तोच असतो. तुम्ही अश्लील साइटवर गेलात, मी तुमच्या कॅमेऱ्यातून चित्रण केलं, तुमच्या सगळ्या ओळखीच्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत, इतके डॉलर बिटकॉइनमध्ये भरा. काही मेलमध्ये तुमचा जुना पासवर्डच लिहिलेला असतो, काहींत ‘फ्रॉम’मध्ये तुमचाच पत्ता असतो. या दोन गोष्टी पाहिल्या की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

पासवर्ड कुठून आला? तुमच्या संगणकातून नव्हे. लिंक्डइनवरून २०१२ मध्ये चोरीला गेलेले सुमारे ११.७ कोटी पत्ते आणि पासवर्ड २०१६ मध्ये बाजारात विकायला आले. अशा कितीतरी साइटचे साठे वेळोवेळी फुटले आहेत. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर आपला पत्ता टाकला की तो कोणकोणत्या चोरीत सापडला होता हे फुकटात कळतं. तिथे पासवर्ड न देता फक्त पत्ता टाकायचा. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून याहू किंवा रेडिफमेलचं अकाउंट काढलं आणि तोच पासवर्ड पुढे दहा ठिकाणी लावला, अशी पिढी आपल्याकडे मोठी आहे. मेलमध्ये दिसणारा पासवर्ड अजून कुठेही वापरात असेल तर तो सगळीकडचा आजच बदला. वापरात नसेल तर तो चोराच्याही काही कामाचा नाही.

चित्रण बहुतेक वेळा नसतंच. असतं तर त्याचा एखादा तुकडा त्याने दाखवला असता. हजारो लोकांना एकच मजकूर जातो, त्यांतले थोडे घाबरून पैसे भरतात, आणि तेवढ्यावर हा धंदा चालतो. एखादा म्हणेल, ‘पण मी खरंच कधीतरी तसलं काही पाहिलं होतं.’ पाहिलं असेल. त्यामुळे मेल पाठवणाऱ्याला ते ठाऊक आहे असं होत नाही. त्याने अंधारात दगड मारला आहे आणि तो कुणाला तरी लागणार हे त्याला माहीत आहे.

माझ्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक. गावात त्यांना अजून सगळे सर म्हणतात. त्यांना असा मेल आला तेव्हा त्यांनी घरात अवाक्षर काढलं नाही. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावली आणि जेवणावरची वासना उडाल्यासारखे बसून राहिले. बायकोला वाटलं पित्त झालं. शेवटी नातवाला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘बिटकॉइन कुठून घेतात रे?’ पोरगा हुशार. त्याने उत्तर न देता विचारलं, ‘आजोबा, कुणी मागितलंय का?’ आणि मग सगळं बाहेर आलं. मेल उघडून दहा मिनिटांत त्याने तो खोटा असल्याचं दाखवून दिलं. सरांना शरम कसली वाटत होती, तर लोक काय म्हणतील याची. मेल पाठवणाऱ्याचं सगळं भांडवल तेच होतं.

म्हणून ज्यांच्या घरात आईवडील किंवा आजी-आजोबा ई-मेल वापरतात त्यांना मी कळकळीने सांगतो, असे मेल येतात हे त्यांना आधीच सांगून ठेवा. आल्यावर सांगू म्हणाल तर ते तुम्हाला सांगणारच नाहीत. आपण होऊन विषय काढा, असा एखादा मेल दाखवा, आणि आला तर मला पाठव, मी काही विचारणार नाही, असं स्पष्ट बोला. मुलं बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला असतील तर व्हिडिओ कॉलवर हे होतं. एकट्या राहणाऱ्या माणसाला या मेलचा त्रास सर्वांत जास्त होतो आणि त्याच्या जवळ विचारायला कुणी नसतं.

मेल खोटा आहे की अकाउंट खरोखर फुटलं आहे, हे घरच्या घरी बघता येतं. फोनवर नीट दिसत नाही, म्हणून संगणकावर बसा. जीमेलमध्ये तो मेल उघडा. उजवीकडे वरच्या बाजूला तीन टिंबं असतात, त्यावर क्लिक करून ‘शो ओरिजिनल’ निवडा. नवीन पान उघडेल. खाली अगम्य मजकूर बराच असतो, त्याला घाबरू नका. वर एक छोटा तक्ता असतो, त्यात एसपीएफ, डीकिम, डीमार्क अशा ओळी असतात आणि पुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ असं लिहिलेलं असतं. मेल खरोखर तुमच्या अकाउंटमधून गेला असता तर तिथे पास दिसलं असतं. तिथे ‘फेल’ किंवा ‘सॉफ्टफेल’ दिसत असेल, किंवा ‘पास’ पुढे भलत्याच डोमेनचं, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाचं, नाव असेल, तर मेल बाहेरून आलेला आहे. त्याच पानावर ‘रिटर्न पाथ’ शोधा, तिथे बऱ्याचदा तिसराच पत्ता सापडतो. ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या असतात, मेलने केलेला प्रवास त्यात उमटतो. मात्र सगळ्यांत वरच्या, म्हणजे तुमच्या स्वतःच्या सेवेच्या सर्व्हरने लिहिलेल्या ओळींवरच भरवसा ठेवा. खालच्या ओळी खोट्या घुसडलेल्या असू शकतात.

यानंतर अकाउंटची स्थिती बघा. जीमेलच्या पानाच्या अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘डिटेल्स’ असतं. कुठल्या उपकरणावरून, कुठल्या देशातून, कधी अकाउंट उघडलं गेलं याची यादी तिथे दिसते. नाशिकला बसलेल्या माणसाचं अकाउंट काल रात्री परदेशातून उघडलेलं दिसलं आणि तो व्हीपीएन वगैरे काही वापरत नसेल तर मामला गंभीर आहे. सेटिंगमध्ये ‘फिल्टर्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’ ही दोन पानं जरूर उघडा. चोर खरोखर आत शिरला असेल तर तो बहुधा इथेच काहीतरी ठेवून जातो. तुमच्या बँकेचे मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जातील असा नियम लावून ठेवला की पासवर्ड बदलूनही त्याचं काम चालूच राहतं. रिकव्हरीचा फोन नंबर आणि दुसरा ई-मेल तुमचाच आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

‘सेंट’ फोल्डर बघा असं सगळेच सांगतात, आणि बघावाच. पण त्यावर निकाल देऊ नका. चोर पाठवून झाल्यावर तिथलं पुसून टाकू शकतो. उलटही घडलेलं आहे. एप्रिल २०१८ मध्ये जीमेलच्या अनेक वापरकर्त्यांना आपल्या ‘सेंट’मध्ये न पाठवलेल्या जाहिराती दिसल्या. लोकांनी पासवर्ड बदलले, तरी नवीन दिसतच राहिल्या. अकाउंट फुटलेली नव्हती, हेडर, म्हणजे ‘शो ओरिजिनल’मध्ये दिसणाऱ्या त्या वरच्या ओळी, अशा रीतीने बनावट केले होते की ते मेल तुम्हीच पाठवल्यासारखे दिसत, असा खुलासा गूगलने केला होता.

अकाउंट फुटल्याची खूण सापडली तर क्रम पाळा. स्वच्छ, भरवशाच्या उपकरणावरून पासवर्ड बदला, बाकी सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, फॉरवर्डिंग आणि अनोळखी फिल्टर काढा, परवानगी दिलेली अनोळखी अ‍ॅप काढा, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. मग बँकेच्या आणि डीमॅटच्या खात्याकडे वळा.

खूण सापडली नाही तरी टू-स्टेप लावाच. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, पासवर्ड बदलल्याने तुमच्या नावाने जाणारे खोटे मेल थांबत नाहीत. ते तुमच्या अकाउंटमधून जातच नाहीत, तर थांबणार कसे? काही लोक चार-चार वेळा पासवर्ड बदलतात आणि तरी परतीचे मेल येत राहिले की हताश होतात. हा ओघ साधारणपणे काही दिवसांत आटतो, कारण स्पॅमवाले एकच नाव फार काळ वापरत नाहीत, ते मेल सेवांच्या नजरेत येतं. तोवर परतीच्या मेलसाठी एक फिल्टर करा, म्हणजे ते इनबॉक्समध्ये न पडता वेगळ्या लेबलखाली जातील. सरसकट पुसून टाकणारा फिल्टर करू नका. तुम्ही खरोखर पाठवलेला एखादा मेल पोचला नाही तर तेही तुम्हाला कळायला हवं. आणि परतीच्या मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका, कारण ‘तुमचा मेल पोचला नाही, पुन्हा पाठवण्यासाठी इथे लॉग इन करा’ असे खोटे परतीचे मेलही फिरत असतात. तुमच्या नावाचे खोटे मेल ‘रिपोर्ट फिशिंग’ करत जा. स्वतःचा पत्ता कधी सेफ लिस्टमध्ये घालून ठेवला असेल तर तो काढून टाका, नाहीतर हे मेल चाळणी चुकवून आत येतात.

रागावून उत्तर देणाऱ्या अनोळखी माणसाशी वाद घालू नका. वाटलं तर एकदा, शांतपणे कळवा आणि विषय सोडा. ओळखीच्यांपैकी ज्यांना खोटा मेल गेल्याचं कळलं, त्यांना मात्र लगेच सांगा. सगळ्या अ‍ॅड्रेस बुकला माफीनामा पाठवू नका, त्याने नाही त्या शंका उभ्या राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फोनवर एवढं पुरे: ‘माझ्या ई-मेल पत्त्यावरून आल्यासारखा दिसणारा एक मेल तुम्हाला आला असेल. तो मी पाठवलेला नाही. त्यातली लिंक किंवा जोडलेली फाइल उघडू नका. माझ्या नावाने कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर मला आधी फोन करा.’ यात माफी नाही, आणि ती नसावीच. तुम्ही काही केलेलं नाही.

आणखी एक प्रकार सध्या फार फसवतो. त्यात पत्ताही तुमचा नसतो, फक्त नाव तुमचं असतं. फोनवरच्या मेल अ‍ॅपमध्ये ठसठशीत दिसतं ते नाव, पत्ता बघायला नावावर बोट ठेवावं लागतं, आणि तेवढं कुणी करत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नावाने खजिनदाराला मेल जातो, ‘मी मीटिंगमध्ये आहे, फोन घेऊ शकत नाही, कंत्राटदाराला एवढी रक्कम आत्ता पाठवा.’ कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावाने प्राध्यापकांना गिफ्ट कार्ड घ्यायला सांगितलं जातं. माल परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावाने त्याच्या गिऱ्हाइकाला कळवलं जातं की आमचं बँक खातं बदललंय, या वेळचे पैसे नव्या खात्यात भरा. इथे नाव तुमचं असतं आणि पैसा दुसऱ्याचा जातो. म्हणून ज्यांच्याशी पैशांचा व्यवहार आहे त्यांच्याशी आजच बोलून ठेवा, खातं बदलल्याचं मी कधीही फक्त मेलवर कळवणार नाही, फोनवर बोलल्याशिवाय बदल मानायचा नाही. फोन करायचा तो तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, त्या मेलमध्ये दिलेल्या नव्हे.

या सगळ्याला कंटाळून काही जण पत्ताच बंद करतात. तसं करू नका. त्याच पत्त्याला तुमचं पॅन, आयकराचं पोर्टल, पीएफ, बँक, विमा जोडलेलं असतं. पत्ता सोडला की त्या सगळ्यांचे मेल तुमच्यापर्यंत येणं थांबतं, आणि खोटे मेल पाठवणारा तुमचं जुनं नाव वापरायचं थोडंच सोडणार आहे? शिवाय सोडलेले पत्ते दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेले आयडी नव्या लोकांना द्यायला सुरुवात केली होती.

ज्यांचं स्वतःचं डोमेन आहे, म्हणजे दुकान, पतसंस्था, शाळा, दवाखाना, वाचनालय, त्यांच्यावर जबाबदारी जास्त आहे, कारण त्यांच्या हातात उपायही आहे. वेबसाइट करून देणाऱ्या माणसाला विचारा, आपल्या डोमेनला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क लावलंय का? एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने मेल कुठल्या सर्व्हरनी पाठवावा याची जाहीर यादी. डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवरची गणिती सही. हे दोन असूनही पडद्यावर दिसणारा ‘फ्रॉम’ मोकळाच राहायचा, म्हणून डीमार्क आलं. २०१२ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू, पेपाल वगैरे कंपन्यांनी ते पुढे आणलं. दिसणारा पत्ता आणि तपासलेला पत्ता जुळला पाहिजे, नाही जुळला तर मेलचं काय करायचं हे डोमेनचा मालक त्यात सांगतो: ‘नन’ म्हणजे फक्त कळवा, ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका, ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत पाठवा. आपल्या ग्राहकांच्या नावाने जाणारे खोटे मेल आवरण्यासाठी याहू आणि एओएल यांनी एप्रिल २०१४ मध्ये आपल्या पत्त्यांना थेट ‘रिजेक्ट’ लावलं. तुम्ही एकदम तिथे उडी मारू नका. आधी ‘नन’ ठेवून काही आठवडे अहवाल बघा, बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर किंवा फीच्या पावत्या पाठवणारी सेवा यादीत राहून गेली आहे का ते कळेल, मग पुढची पायरी चढा. अनेक जण ‘नन’वर ठेवून विसरून जातात आणि डीमार्क लावलं म्हणून निश्चिंत होतात. नुसत्या ‘नन’ने कुणाचाच खोटा मेल अडत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५००० पेक्षा जास्त मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना गूगलने हे तिन्ही सक्तीचे केले आहेत, पण छोट्या संस्थेनेही सक्तीची वाट बघू नये. डोमेन विकत घेऊन ठेवलंय आणि त्यावरून मेल पाठवतच नाही, असं असेल तर ‘या नावाने कुणीही मेल पाठवत नाही’ अशी नोंद एसपीएफमध्ये आणि ‘रिजेक्ट’ डीमार्कमध्ये लावून घ्या. ओसाड डोमेन अशा लोकांना फार सोयीचं असतं.

आता तक्रारीविषयी. पैसे गेले असतील तर वेळ घालवू नका, १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम मधल्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. पैसे गेले नसले तरी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमात दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरणं आणि ६६ डी कलमात संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणं हे गुन्हे आहेत. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. काही जण अजूनही ६६ ए कलमाचा हवाला देतात. मेल कुणाकडून आला याबाबत दिशाभूल करणं त्या कलमात खरंच होतं, पण ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली, तिथून ते प्रकरण न्यायालयात गेलं होतं. तेव्हा अर्जात ६६ सी आणि ६६ डी लिहा.

पाठवणारा परदेशात असेल, सापडेलच असं नाही. तरी तक्रार करा. उद्या तुमच्या नावाने कुणी फसला आणि त्याने तुमच्याकडे बोट दाखवलं, तर त्याआधीच्या तारखेची तुमची तक्रार तुमच्या बाजूने बोलेल. त्यासाठी मेल पुसू नका, नुसता स्क्रीनशॉटही पुरत नाही. ‘शो ओरिजिनल’च्या पानावर ‘डाउनलोड ओरिजिनल’ असतं, ती फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. मेल साधा फॉरवर्ड केला तर मूळ हेडर त्याच्याबरोबर जात नाहीत आणि तपास करणाऱ्याला हवं असतं ते नेमकं तेच. परतीच्या मेलपैकी दोन-चार नमुने, रागावलेल्या लोकांची उत्तरं आणि ओळखीच्यांना तुम्ही कळवल्याची तारीख हेही सोबत ठेवा. तक्रार नोंदवल्यावर मिळालेला क्रमांक कागदावर उतरवून घरातल्या आणखी एकाजवळ द्या.